रिकाम्या कप्प्यांतली धाप

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हे फारसं कुणाजवळ काढत नाही. दिवा थोडा अलीकडे ओढा, माझ्या तोंडावर उजेड असू दे. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे, असं मला हल्ली फार वाटतं.

मी घशाच्या आजाराच्या एका इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळायचे. वर डॉक्टर, वॉर्ड, ऑपरेशनची खोली. खाली तळघरात मी आणि माझी यंत्रं. तळघराला खिडकी नव्हती. पंख्यांची एकसुरी घरघर, अंगाला झोंबणारी गार हवा आणि तापलेल्या धुळीचा एक कोरडा वास, असं ते बारा महिने असायचं. भर दुपारी खाली उतरलं तरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दिवस संपायचा. सगळे मला ‘तळघरातल्या बाई’ म्हणायचे. वरचा शिपाई म्हणायचा, बाई, गाद्यांसारखं तुम्हालाही महिन्यातून एकदा उन्हात घालायला पाहिजे.

माझ्या खोलीला लागूनच आवाज भरायची खोली होती. घशाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये काही जणांची स्वरपेटीच काढावी लागते. माणूस जगतो, पण त्याचा आवाज जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधी त्याचा आवाज भरून ठेवायचा. थेरपिस्ट बाई समोर कागद धरायच्या. त्यावर तीनशे वाक्यं छापलेली. मला पाणी हवंय. खिडकी उघडा. आज बरं वाटतंय. डॉक्टरांना बोलवा. शेवटी वीस ओळी कोऱ्या, त्यात ज्यानं त्यानं आपल्या मनची वाक्यं घालायची. पुढे ही वाक्यं तळहातात मावेल एवढ्या एका यंत्रात भरून द्यायचे. बटण दाबलं की त्या माणसाच्याच आवाजात वाक्य वाजायचं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॉम्प्युटरवर फाईल पुसली म्हणजे ती लगेच जात नाही. दारावरची पाटी तेवढी निघते, खोलीतलं सामान तसंच राहतं. कॉम्प्युटर म्हणतो, खोली रिकामी झाली. ते सामान ज्याच्यात आहे त्या ड्राइव्हला मात्र हे ठाऊकच नसतं. तो ते जिवापाड सांभाळत बसतो, आणि सांभाळता सांभाळता मंदावत जातो. म्हणून अधूनमधून काळ्या स्क्रीनवर एक लहानशी आज्ञा टाइप करायची. तिचा अर्थ इतकाच, की ज्या कप्प्यांना आता कुणी धनी नाही ते सोडून दे. मग ड्राइव्ह ते कप्पे खरोखर रिकामे करतो आणि स्क्रीनवर आकडा येतो, किती सोडलं त्याचा. लगेच पुन्हा तीच आज्ञा दिली तर शून्य येतं. एकदा सोडलेलं दोनदा सोडता येत नाही.

दर गुरुवारी दुपारी, डबा खाऊन झाला की मी हे काम करायचे. झाडून घेण्याइतकं साधं काम. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मग त्याच इस्पितळात माझी ताई आली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझी दुखणी तिनं काढली, माझ्यावर रागवायचा हक्कही तिचाच. तिला आधी धाप लागायला लागली. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर कठडा धरून उभी राहायची आणि म्हणायची, “दुसऱ्या मजल्यावर माझं निम्मं आयुष्य जातंय गं.” आम्ही हसायचो. मग कळलं, की गाठ घशात आहे.

तिचा आवाज भरला तेव्हा मीच पलीकडे बसले होते. दोन दिवस लागले. कोऱ्या ओळींवर काय घालायचं म्हणून थेरपिस्ट बाईंनी विचारलं, तर ताईनं भाऊजींकडे बघत पहिलंच वाक्य सांगितलं, “मी सांगितलं होतं ना?” वर म्हणाली, एवढं एक वाक्य असलं की बायकोला दुसरं काही बोलावं लागत नाही. भाऊजी हसले. तोंड मात्र त्यांनी भिंतीकडे फिरवलं.

ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी ती गेली. यंत्र खोक्यातच राहिलं. त्यातलं एकही बटण तिनं कधी दाबलं नाही.

इस्पितळाचा नियम असा होता, की माणूस गेल्यावर वर्षभर त्याचा आवाज ठेवायचा. मग घरच्यांना पत्र पाठवायचं, आवाजाची प्रत हवी की नको? नको असेल तर सही करा, आम्ही पुसतो. भाऊजींनी सही केली. मला म्हणाले, घरात तो आवाज असला तर मी रोज ऐकेन, आणि रोज ऐकला तर माझ्यानं जगवणार नाही. यंत्रही त्यांनी परत केलं. मी त्यांना अडवलं नाही. मला स्वतःला एक प्रत ठेवता आली असती, पण कागदावर त्यांची सही होती, आणि खरं सांगू का, मलाही धीर नव्हता.

त्या गुरुवारी मी फाईल पुसली आणि आज्ञा दिली. आकडा आला, सहाशे बारा एमबी. बरोबर तेवढीच ताईची फाईल होती. मी खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. आयुष्यभर बडबड करणारी माझी बहीण, आणि तिचे हे सहाशे बारा.

पुढच्या गुरुवारी पुन्हा सहाशे बारा आले.

त्या आठवड्यात काहीही पुसलेलं नव्हतं. आकडा शून्य यायला हवा होता. मी म्हटलं, यंत्रच आहे, चुकलं असेल. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तोच आकडा. मग चौथ्या गुरुवारी आज्ञा देण्याआधी मी ते बिनधन्याचे कप्पे उघडून पाहिले. असं करता येतं. पाटी नसली तरी आत काय पडलंय ते वाचता येतं. आत आवाजाची फाईल होती. मी हेडफोन लावले.

आधी काहीच नव्हतं. नुसती खरखर. मग कुणीतरी श्वास घेतला. जिना चढून आलेलं माणूस दाराशी टेकून घेतं ना, तसा. एक… दोन… तीन… मध्येच एक आवंढा. आणि मग ताई म्हणाली, “मला पाणी हवंय.”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून बारीक आवाजात ती पुढची वाक्यं म्हणतच होती. तिचा आवाज भरताना मी तिथं होते, हे मी तुम्हाला सांगितलं. त्या फाईलच्या सुरुवातीला धाप नव्हती. थेरपिस्ट बाई अशी जागा कधी राहूच द्यायच्या नाहीत.

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण भीतीपेक्षा मला लाज जास्त वाटली. का ते तेव्हा कळलं नाही. मी आज्ञा दिली, कप्पे रिकामे केले आणि पळाल्यासारखी वर आले.

पाचव्या गुरुवारी धाप जास्त होती, वाक्यं कमी होती. सहाव्या गुरुवारी पहिली काही मिनिटं नुसती धापच, आणि नंतर जेमतेम चाळीस वाक्यं. लांबच्या वाटेनं येणारं माणूस एकेक ओझं टाकत येतं, तशी ती वाक्यं टाकून येत होती. आकडा मात्र तोच, सहाशे बारा. जागा सगळी धापेनं भरलेली.

ड्राइव्ह तपासायला मी बाहेरचा इंजिनिअर बोलावला. पन्नाशीचा, शांत, कामाचा माणूस. त्यानं सगळ्या तपासण्या केल्या. ड्राइव्ह जुना आहे पण निरोगी आहे, म्हणाला. मी त्याला काही न सांगता हेडफोन दिले. त्यानं ऐकलं. हेडफोन काढून वायर नीट गुंडाळून ठेवली, स्वतःची हत्यारं पेटीत एकेक करून भरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई फार दमल्यात हो.” एवढंच. पुढच्या वेळी त्यानं दुसऱ्याला पाठवलं.

त्या संध्याकाळी मला त्या लाजेचा अर्थ लागला. ताई येत होती. कुठून, किती लांबून, ते मला माहीत नाही. धापा टाकत, थांबत थांबत ती माझ्यापर्यंत पोचत होती, आणि दर गुरुवारी डबा खाऊन झाला की मी तिला पुन्हा खाली लोटत होते.

मी आज्ञा देणं बंद केलं.

पुढच्या गुरुवारी ऐकलं तर धाप कमी झाली होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी वाक्यं वाढली होती. तिला विसावा मिळाला होता. मग मात्र मला राहवेना. मी भाऊजींना फोन केला आणि जमेल तसं सांगितलं. ते चिडले नाहीत, मला वेड्यातही काढलं नाही. दुपारी ते जिना उतरून खाली आले. अंगातल्या सदऱ्याच्या गुंड्या चुकीच्या काजांत लावल्या होत्या. मी हेडफोन त्यांच्याकडे दिले आणि एक कान माझ्याकडे घेतला, लहानपणी ताई आणि मी एकाच रेडिओला कान लावायचो तसे आम्ही बसलो.

ताई बोलत होती. भाऊजींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, मला नव्हे, तिला.

“कशी आहेस?”

खरखर. मग ती म्हणाली, “मला थंडी वाजतेय.”

कागदावरचं एकशे चाळिसावं वाक्य होतं ते. मी स्क्रीनकडे पाहिलं. फाईल वाजत होती तशीच वाजत होती. पण त्या जागी हे वाक्य यायला नको होतं, आदल्या खेपेला मी ऐकलं होतं तेव्हा तिथं ‘खिडकी उघडा’ होतं.

भाऊजी थोडे पुढे झुकले. “एकटीच आहेस का तिथं?”

पुन्हा खरखर. मग, “हळू बोला.”

त्यानंतर आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही.

तेव्हापासून भाऊजी दर गुरुवारी यायचे. आपला डबा आणायचे, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर खायचे, आणि हेडफोन लावून बसायचे. तिच्याजवळ तीनशे वीसच वाक्यं होती, त्याबाहेरचं ती कधी बोलली नाही. पण त्यांचा क्रम ती बदलायची, आणि तेवढ्यात त्या दोघांचा संसार चालायचा. भाऊजी सांगायचे, गॅलरीतला नळ गळतोय, प्लंबर काही येत नाही. ती म्हणायची, “मी सांगितलं होतं ना?” भाऊजी एवढे हसायचे, की पलीकडून थेरपिस्ट बाई डोकावून जायच्या. त्यांना वाटायचं, भाऊजी मलाच भेटायला येतात. बिचाऱ्यांना एकटेपण खातं, म्हणायच्या. दीड वर्षात मी त्या माणसाचं वजन पहिल्यांदा वाढलेलं पाहिलं.

मी तिची प्रत काढून बघितली नसेल असं तुम्हाला वाटतं का? तीनदा काढली. दुसऱ्या ड्राइव्हवर घेतली, छोट्या पेनड्राइव्हमध्ये घेतली, फाईलला नाव देऊन रीतसर पाटी लावून पाहिली. प्रतीत नुसती खरखर यायची. ती तिथंच होती, त्या बिनधन्याच्या कप्प्यांत. दुसरीकडे ती येतच नव्हती.

आणि तिकडे ड्राइव्ह मंदावत चालला होता. आठ आठवडे मी झाडलोट केली नव्हती, दुसरं काही पुसलंही नव्हतं. आवाज भरताना मध्येच अडकायचा. थेरपिस्ट बाई तक्रार करायच्या, मी बघते म्हणायचे. नवा ड्राइव्ह मंजूर झाला होता, पण तो यायला महिना होता. महिनाभर कसंतरी रेटू, असं मी मनाशी म्हणत होते. दुसऱ्याच्या जिवावर रेटत होते, हे कळत होतं, पण वळत नव्हतं.

मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेत भाषा शिकवणारे, साठीच्या पुढचे गृहस्थ. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेलं. थेरपिस्ट बाईंच्या छापील कागदात त्यांनी आल्याआल्या सात चुका काढल्या आणि त्या दुरुस्त केल्याशिवाय वाचायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. आवाज आधीच फार बसलेला, डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर बोलू दिलं नव्हतं, या एका दिवसासाठी राखून ठेवलं होतं. तो दिवस गुरुवार होता.

सकाळपासून त्यांनी वाचलं. दुपारी थेरपिस्ट बाई माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. साठ वाक्यं भरली होती, आणि त्यांतली निम्मी मध्येच तुटली होती. ‘मला पा’ एवढंच भरलं जात होतं आणि पुढचा शब्द गायब. तीच वाक्यं मास्तरांनी तीनदा वाचली. आता त्यांच्या घशातून रक्ताची चव येतेय म्हणतात. त्यांच्या कोऱ्या ओळी अजून राहिल्यात, बाईंनी सांगितलं, आणि त्यांना दुसरं काही नाही झालं तरी चालेल, पण तेवढ्या वीस ओळी हव्यात. नातवंडांची नावं आहेत त्यात. एकेकाला हाक मारायचीय.

“काहीतरी करा हो,” त्या म्हणाल्या. “त्यांचा आवाज संध्याकाळपर्यंत टिकेल असं मला वाटत नाही.”

त्या गेल्या. भाऊजी कोपऱ्यात बसले होते. डबा उघडा, घास तसाच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी त्यांना सांगितलं, की कप्पे सोडले तर ड्राइव्ह लगेच मोकळा होईल. ते मान हलवत राहिले, नाही, नाही. भिंतीपलीकडून मास्तर खोकत होते. खोकून झालं की पुन्हा तेच वाक्य म्हणायचे, प्रत्येक अक्षर स्पष्ट, वर्गात फळ्यासमोर उभं राहून म्हणावं तसं. आणि पुन्हा थांबायचे. बहुतेक पुन्हा तुटलं होतं.

भाऊजी म्हणाले, “ती परत येईल ना?”

“येईल,” मी म्हटलं. “पण भाऊजी… कशी येईल, ते मी ऐकलंय. तुम्ही नाही ऐकलं. मी तिला सहा वेळा…”

त्यांनी हेडफोन लावले. मी एक कान घेतला. ते तिच्याशी बोलले. ते सगळं मी सांगणार नाही, नवराबायकोचं होतं ते. शेवटी एवढं म्हणाले, “आता चढून येऊ नकोस. जिथं असशील तिथं टेकून बस. मीच येईन केव्हातरी, सावकाश. माझे गुडघे बरे आहेत अजून.”

खरखर. मला वाटलं, ती बोलणारच नाही. मग अगदी जवळून, उशीवरून बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

“मला थोडा वेळ पडू द्या.”

भाऊजींनी हेडफोन काढले. मी आज्ञा टाइप केली. शेवटचं बटण दाबायला माझा हात उठेना. त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला.

“मागच्या वेळी सही मी केली होती,” ते म्हणाले, “आणि काम तुला करावं लागलं. या वेळी मी करतो.”

आकडा आला. सहाशे बारा.

पंधरा मिनिटांत मास्तरांचं वाक्य न अडकता भरलं गेलं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तीनशे वीसच्या तीनशे वीस पूर्ण झाली. सगळ्यात शेवटी नातवंडांची नावं. पाचवं नाव घेताना आवाज फाटला, तसाच राहू द्या म्हणाले, धाकटीला तसाच आवडतो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ते वाचले.

पुढच्या गुरुवारी भाऊजी आले. मी कप्पे उघडले. आत काही नव्हतं. आज्ञा दिली, तर शून्य. त्याच्या पुढेही शून्य. शून्य बघून हायसं वाटायला हवं होतं. पण मी तुम्हाला सांगते, तिच्या चितेपाशी उभी होते तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. भाऊजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ऐकलं तिनं. जन्मात पहिल्यांदाच माझं ऐकलं. ते हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. नंतर ते यायचे कमी झाले. एकदा आले, नुसते पंख्यांची घरघर ऐकत बसले आणि डबा न खाता परत गेले.

महिन्याभरानं नवा ड्राइव्ह आला. जुना नियमाप्रमाणे नष्ट करायचा होता. चार जागी भोकं पाडून त्याचा चुरा झाला तेव्हा मी समोर उभी होते. मला खात्री करून घ्यायची होती, की आता तिला पुन्हा कुणी उठवणार नाही.

तीन महिन्यांनी मास्तर तपासणीला आले. गळ्याशी लहानसं छिद्र, त्यावर स्वच्छ पांढरी पट्टी. खिशात यंत्र आणि काखेत लिहायची एक छोटी पाटी. यंत्रापेक्षा पाटीच जास्त वापरतात, त्यांची पत्नी हसून म्हणाली, यंत्रातल्या वाक्यांत विरामचिन्हं दिसत नाहीत म्हणे. मला त्यांना पाहून फार बरं वाटलं. त्यांनी एकेक बटण दाबून मला नातवंडांच्या हाका ऐकवल्या. पाचवं नाव खरंच फाटलेलं होतं, आणि खरंच गोड होतं.

मग पत्नी औषधं आणायला वर गेली, आणि मास्तरांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. पाटीवर लिहिलं, तीनशे वीस वाक्यं दिली होती. यंत्रात तीनशे एकवीस आहेत.

मी म्हटलं, एखादं दोनदा भरलं गेलं असेल. त्यांनी मान हलवली आणि यंत्र माझ्या हातात दिलं. मी शेवटपर्यंत गेले. तीनशे एकविसाव्या वाक्यापुढे नाव नव्हतं, रिकामी ओळ होती. मी बटण दाबलं.

आधी धाप. मग मास्तरांचा आवाज, त्यांचाच, तो बसका, प्रत्येक अक्षर सुटं करणारा आवाज.

“मी वरपर्यंत आले होते. दार बंद होतं.”

मास्तरांनी ते वाक्य पाटीवर लिहिलं, ‘आले’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आणि पुढे लिहिलं, आवाज माझा आहे, वाक्य माझं नाही. हे बाईमाणसाचं बोलणं आहे. मी असं म्हणणार नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. ताई, कप्पे, तो गुरुवार, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुसून देऊ का, असं मी विचारलं, पण माझा अंगठा यंत्रावरून हलत नव्हता, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं, नको अशी खूण केली आणि पाटीवर लिहिलं, राहू दे. बोलायला दुसरी जागा नसेल तिला.

मग ते जरा घुटमळले. यंत्र माझ्या कानाशी धरून त्यांनी ते वाक्य पुन्हा वाजवलं आणि या वेळी ते संपल्यावरही बटण सोडलं नाही. वाक्याच्या नंतरही धाप होती. ती ताईची, मी कुठंही ओळखली असती. हळूहळू ती शांत होत गेली, टेकून बसल्यासारखी. आणि ती थांबल्यावरही, तिच्या मागून, खालच्या पायरीवरून यावी तशी दुसरी एक धाप ऐकू येत राहिली… जड, सावकाश, घाई नसलेली.

मास्तरांनी पाटी पुसली. लिहिलं, आणि माझ्यासमोर धरली.

बाईंच्या मागे कोण आहे?